पणजी ते जुने गोवे : मांडवीकाठची पायी यात्रा

पणजीहून जुन्या गोव्याकडे जाणारी सुमारे दहा किलोमीटरची वाट मांडवीच्या दक्षिण काठाने जाते. २४ नोव्हेंबरला संत फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेना सुरू झाल्या की या वाटेवर पायी जाणाऱ्यांची वर्दळ वाढते आणि ३ डिसेंबरच्या फेस्तापर्यंत ती ओसरत नाही. गोव्यातले ख्रिस्ती तर चालतातच. शिवाय सिंधुदुर्ग आणि बेळगावकडचे भाविकही कित्येक दिवस चालत ‘गोंयच्या सायबा’च्या दर्शनाला येतात. वारीच्या मुलखातल्या माणसाला ही ओढ समजावून सांगावी लागत नाही.

कोकणात नदीच्या मुखाशी किल्ला असायचाच. मुचकुंदीच्या मुखावर पूर्णगड आहे, तसे मांडवीच्या मुखावर आग्वाद आणि रेइश मागुश. त्यांच्या पहाऱ्यात गलबते नदीतून वर जात आणि थेट जुन्या गोव्याच्या, म्हणजे तेव्हाच्या राजधानीच्या, धक्क्याला लागत. जमिनीवरून जाणाऱ्याला मात्र पणजीच्या पूर्वेला दलदल आडवी येई. पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिश याने १६३३-३४ मध्ये तिच्यावर सुमारे तीन किलोमीटर लांबीचा दगडी सेतुमार्ग बांधला. तो आजही वापरात आहे. डावीकडे नदी, उजवीकडे मिठागरे, मधून वाट, आणि सावली अगदी कमी. म्हणून जाणते यात्रेकरू पहाटेच निघतात. पुढे रायबंदरची नदीकडे तोंड केलेली जुनी घरे लागतात आणि पलीकडे चोडण बेटाची खारफुटी दिसते.

वाट संपते ती जवळजवळ ओस पडलेल्या राजधानीत. १५१० मध्ये अल्बुकर्कने आदिलशाहीकडून घेतलेले हे शहर आशियातल्या पोर्तुगीज सत्तेचे केंद्र झाले. पुढे रोगराईने ते पोखरले, १७५९ मध्ये व्हाइसरॉयने मुक्काम पणजीला हलवला आणि घरे पडत गेली. चर्च मात्र उभी राहिली. त्यांतले से कॅथेड्रल सर्वांत भव्य. १५६२ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले. १७७६ मध्ये एक मनोरा कोसळला, तो पुन्हा बांधलाच गेला नाही. त्यामुळे त्याचे दर्शनी अंग आजही एकाच बाजूने उंच दिसते.

समोरच्या बॉम जेझूस बॅसिलिकेत संताचे अवशेष आहेत. झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला आणि १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचान बेटावर वारला. त्याचा देह १५५४ मध्ये मलाक्कामार्गे गोव्यात आणला गेला. चांदीची पेटी १६३७ ची, तर तिच्याखालचा संगमरवरी चौथरा तोस्कानाच्या तिसऱ्या कोझिमोने दिलेला, १६९८ मध्ये बसवलेला. साधारण दर दहा वर्षांनी अवशेष से कॅथेड्रलमध्ये नेऊन दर्शनासाठी ठेवतात. अलीकडचे दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झाले. १९८६ पासून ही चर्च जागतिक वारसा आहेत. पण त्यांना जिवंत ठेवले ते फेस्ताला येणाऱ्या माणसांनी.

व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरले की दिवाडीची फेरी मिळते. दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगीज काळात पाडले गेले. देव नदीपलीकडे नार्व्यात नेण्यात आला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. मांडवीकाठच्या यात्रेचा इतिहास समजून घ्यायचा तर जुन्या गोव्याइतकेच नार्वेही पाहायला हवे.