पावास पर्याय : सोयाबीन-हरभऱ्याचे धिरडे



सोयाबीनची पोती आडतीवर उतरवून परत येताना पिशवीत पावाची लादी घेऊन येणारा शेतकरी आज विदर्भात व मराठवाड्यात सर्रास दिसतो. शेतात पिकलेली प्रथिने बाजारात जातात आणि मैद्याचे पिष्ट घरात येते. कष्टाचे काम करणाऱ्या निरोगी माणसास यामुळे लगेच अपाय होतो असे नाही. परंतु घरात कोणास मधुमेह असल्यास या देवघेवीचा विचार करणे आवश्यक ठरते.

भाकरीविषयी एक गैरसमज

माझ्या वडिलांस मधुमेह झाला तेव्हा आम्ही प्रथम पाव बंद केला व ज्वारीची भाकरी वाढविली. भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, अशी आमची समजूत होती. पुढील तपासणीत रक्तातील साखर होती तेवढीच निघाली. त्याचे कारण पुढील आकड्यांवरून ध्यानात येईल. शंभर ग्रॅम धान्यात अथवा पिठात पिष्टमय पदार्थ व प्रथिने सुमारे याप्रमाणे असतात :

मैदा : पिष्ट ७४ ग्रॅम, प्रथिने ११ ग्रॅम
गव्हाचे पीठ : पिष्ट ६९, प्रथिने १२
ज्वारी : पिष्ट ७३, प्रथिने १०
बाजरी : पिष्ट ६८, प्रथिने १२
हरभराडाळ : पिष्ट ६०, प्रथिने २१
भुईमूगदाणे : पिष्ट २६, प्रथिने २५
सोयाबीन : पिष्ट २१, प्रथिने ४३

ज्वारी-बाजरीत कोंडा व खनिजे शाबूत राहतात, म्हणून त्या मैद्यापेक्षा निश्चितच चांगल्या. परंतु पिष्टाच्या बाबतीत त्या गव्हाच्याच पंक्तीतील आहेत. पचनानंतर पिष्टाची साखरच होते. म्हणून पिष्ट खरोखर कमी करावयाचे असल्यास तृणधान्य बदलून भागत नाही. त्याच्या जागी कडधान्य व तेलबिया आणाव्या लागतात.

पाव का होत नाही ?

गव्हाचे पीठ भिजविले असता त्यातील प्रथिनांची चिवट जाळी तयार होते. किण्वामुळे निर्माण होणारा वायू या जाळीत अडकतो व पाव फुगतो. सोयाबीन किंवा हरभऱ्याच्या पिठात अशी जाळी होत नाही. म्हणून त्यांचा पाव करण्याच्या खटपटीत न पडता, आपल्या सुगरणींस पूर्वापार अवगत असलेले धिरडे अथवा थालीपीठ करणे अधिक श्रेयस्कर.

पीठ तयार करण्याची रीत

कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे द्रव्य असते. ते उष्णतेने निष्प्रभ होते. यासाठी निवडलेले सोयाबीन भरडून, टरफले पाखडून डाळ करावी. डाळीच्या तिप्पट पाणी उकळून त्यात ती टाकावी व सुमारे पंचवीस मिनिटे उकळू द्यावी. नंतर निथळून उन्हात कडकडीत वाळवावी. एकटे सोयाबीन दळल्यास त्यातील तेलामुळे पीठ जात्यास चिकटते. म्हणून समभाग हरभराडाळ मिसळून दळावे. हे पीठ लवकर खवट होते, तेव्हा एका वेळी पंधरा दिवसांपुरतेच दळण करावे.

धिरडी करताना वजनाने चार भाग पिठास एक भाग भाजलेल्या दाण्यांचे कूट घ्यावे. चिरलेली मेथी अथवा किसलेली कोबी, कांदा, मिरची व मीठ घालून सरबरीत भिजवावे आणि तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावे. या मिश्रणाच्या शंभर ग्रॅममध्ये पिष्ट सुमारे ३८ ग्रॅम, म्हणजे गव्हाच्या पिठाच्या निम्म्याहून किंचित अधिक पडते. प्रथिने मात्र सुमारे ३० ग्रॅम मिळतात. तथापि स्निग्धांश जास्त असल्याने उष्मांक कमी नसतात. पोट लवकर भरते, त्याचा लाभ घेऊन बेतानेच खावे.

घ्यावयाची दक्षता

पहिली गोष्ट दाण्यांची. बुरसलेले, काळपट अथवा सुरकुतलेले दाणे कुटात घेऊ नयेत. अशा बुरशीमुळे यकृतास घातक असे विष तयार होते व ते भाजण्याने पुरते नाहीसे होत नाही. दुसरी गोष्ट, हरभराडाळ अखंड घेऊन आपल्या देखरेखीखाली दळून घ्यावी; त्यामुळे लाखीच्या डाळीची भेसळ टाळता येते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून ती मी स्वतःच्या चुकीमुळे शिकलो. आकडे कळल्यावर मी वडिलांच्या भाकऱ्या एकदम बंद करून ही धिरडी सुरू केली. परंतु गोळ्यांची मात्रा पूर्वीचीच राहिली. चौथ्या दिवशी सायंकाळी गोठ्यात त्यांस दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले व बोलणे असंबद्ध झाले. आईने प्रसंगावधान राखून साखरेचे पाणी पाजले, म्हणून निभावले. आहारातील पिष्ट घटले की त्याच मात्रेने रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. तेव्हा मधुमेहाच्या गोळ्या अथवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांस विचारूनच आहार बदलावा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीही अधिक प्रथिने घेण्यापूर्वी सल्ला घ्यावा. वाढत्या मुलांसाठी व नांगरटीस जाणाऱ्या निरोगी गड्यासाठी भाकरी तोडण्याचे कारण नाही. तिच्यासोबत उसळ व पालेभाजी वाढवावी, एवढे पुरे.

वडिलांच्या गोळ्या डॉक्टरांनी त्यानंतर बेताने कमी केल्या. आज त्यांच्या ताटात सकाळी दोन धिरडी व दही आणि रात्री अर्धी भाकरी व भरपूर झुणका असतो.

यंदाचे सोयाबीन बाजारात धाडण्यापूर्वी घरच्यासाठी चार पायल्या बाजूस काढून ठेवाव्यात, एवढीच विनंती.