बुजऱ्या मुलास धीर कसा यावा?

व्यापाऱ्याच्या घरी मूल बुजरे निघाले की वडीलमंडळींस काळजी लागते. पेढीवर बसावयाचे म्हणजे दहा माणसांशी दहा तऱ्हांनी बोलावे लागते. ज्याची गिऱ्हाइकापुढे मानच वर होत नाही, त्याचे पुढे कसे व्हावे, हा प्रश्न बापाच्या मनात येणारच. ही काळजी खोटी नाही. परंतु तिच्यापोटी आपण जे उपाय करतो त्यांनी मूल धीट होण्याऐवजी अधिकच मिटून जाते, असा आमचा अनुभव आहे. तो आमच्याच चुकीतून आलेला असल्यामुळे संकोच बाजूस ठेवून येथे सांगतो.

आमचा मुलगा त्या वेळी नऊ वर्षांचा होता. महावीर जयंतीच्या समारंभात त्याने भाषण करावे अशी आमची फार हौस. पाच वाक्ये लिहून दिली, ती त्याने तोंडपाठ केली. सभेत तो उभा राहिला, पहिले वाक्य बोलला आणि थांबला. आम्ही पुढच्या रांगेतून मोठ्याने म्हणालो, ‘‘अरे बोल ना, घरी तर घडाघडा म्हणत होतास!’’ सभा हसली. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. पण नऊ वर्षांच्या जीवास तो भेद कोठून कळावा? त्या दिवसापासून घरी पाहुणे आले की तो माडीवर जाई आणि दुकानी आला तर ताक्यांच्या थप्पीआड बसे. त्या भाषणात हौस आमची होती, त्याची नव्हती, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

त्याच चिंतेत असताना आम्ही महात्मा गांधींचे आत्मचरित्र पुन्हा वाचावयास घेतले. शाळा सुटली की कोणी बोलावयास येऊ नये म्हणून हा मुलगा धावत घर गाठीत असे. विलायतेत शाकाहारी मंडळाच्या सभेत त्यांनी आपले म्हणणे लिहून नेले, तेही दुसऱ्याने वाचून दाखविले. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच दाव्यात ते उलटतपासणीस उभे राहिले, डोके गरगरले, एकही प्रश्न सुचला नाही. अखेर ते खाली बसले व घेतलेली फी त्यांनी परत केली. हाच मनुष्य १८९३ साली प्रिटोरियास गेला व तेथील हिंदी व्यापाऱ्यांच्या सभेत बोलला. हे आपले पहिले जाहीर भाषण म्हणता येईल, असे त्यांनीच नमूद केले आहे. विषय कोणता? व्यापारातील सचोटी! बोलून ते थांबले नाहीत. ज्यांस इंग्रजी शिकावयाचे होते अशा तिघांस, म्हणजे एक न्हावी, एक कारकून व एक दुकानदार यांस, शिकविण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले.

आम्हांस यात एक मर्म दिसले. सभेपुढे चमकण्यासाठी उभे राहणे वेगळे आणि जवळ काही सांगण्यासारखे आहे, कोणास त्याची गरज आहे, म्हणून बोलणे वेगळे. दुसऱ्या वेळी मनुष्य स्वतःस विसरतो, आणि स्वतःस विसरला की भीतीही विसरतो.

त्यानंतर आम्ही मुलास ‘धीट हो’ म्हणावयाचे सोडले. शाळा सुटल्यावर अर्धा तास, तोही त्याची इच्छा असेल तर, दुकानात लहानसे परंतु खरे काम दिले. प्रथम ताके मोजून वहीत आकडा लिहावयाचा. यात कोणाशी बोलणे नव्हते. पुढे तो आकडा मुनीमजींस वाचून दाखवावयाचा. मग शेजारच्या दुकानातून सुटे पैसे आणावयाचे. आपल्या हुबळीत घरची भाषा मराठी, बाजाराची कानडी आणि शाळेची इंग्रजी. पुष्कळदा मूल माणसास भीत नसते, चुकीच्या शब्दास भीत असते. म्हणून सुटे मागण्याचे कानडी वाक्य आम्ही त्याच्यासह घरीच चार वेळा म्हटले.

वर्षभराने एकदा त्याने खेड्यावरून आलेल्या एका म्हातारीस दोन टॉवेल दिले आणि हिशेबात दहा रुपये अधिक घेतले. चूक ध्यानी आली तेव्हा ती निघून गेली होती. आम्ही काही बोलण्यापूर्वीच तो दहाची नोट घेऊन पळाला, भर गर्दीत ‘‘अज्जी, अज्जी’’ अशा हाका मारीत बसच्या थांब्यापर्यंत गेला व पैसे देऊन आला. परतल्यावर त्यास धाप लागली होती. आपण भर रस्त्यात ओरडलो, हे त्याच्या गावीही नव्हते.

दुसरी गोष्ट आपल्याच भूमीतील आहे. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली १९२४ च्या डिसेंबरात बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथे गाणाऱ्यांत धारवाडची एक अकरा वर्षांची मुलगी होती. त्याच पुढे गानविदुषी गंगूबाई हनगल म्हणून कीर्तिमान झाल्या. त्या दिवशी त्यांच्या मनात भीती होती, परंतु ती गाण्याची नव्हती. आपण खालच्या मानलेल्या जातीच्या, तेव्हा जेवणानंतर आपणांस उष्टी काढावयास लावतील काय, ही ती भीती, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. बाहेरून पाहणाऱ्यास ती ‘लाजली’ एवढेच दिसले असते! म्हणून मूल गप्प असेल तर ते कशास भिते, हे आधी मायेने विचारावे. तर्काने ठरवू नये.

गंगूबाईंच्या मातोश्री अंबाबाई या कर्नाटक संगीतातील जाणत्या गायिका. मुलीने हिंदुस्थानी गायन शिकावे म्हणून हे कुटुंब १९२८ साली हुबळीस आले, आणि मुलीच्या गळ्यावर आपल्या गाण्याची छाया पडू नये म्हणून त्या माउलीने स्वतःचे गाणे मागे ठेवले. पुढे गंगूबाई हुबळीहून आगगाडीने कुंदगोळास सवाई गंधर्वांकडे शिकावयास जात. मुलास पुढे येऊ द्यावयाचे तर कोठे कोठे आपण मागे सरावे लागते, हे त्या मातेने जाणले होते.

तेव्हा आमची बंधुभगिनींस नम्र सूचना एवढीच. मुलास नवी गोष्ट अवश्य दाखवावी, मग ते पोहणे असो, तबला असो, चित्रकला असो वा पाठशाळेतील लहानांस गोष्ट सांगणे असो. पहिल्या दिवशी दारातून नुसते पाहू द्यावे. सोबतीस एक ओळखीचा मित्र असावा. महिनाभर करून पाहावे आणि मग राहावे की सोडावे हे त्यासच ठरवू द्यावे. पाहुण्यांपुढे ‘आमचा फार लाजाळू आहे हो’ असे म्हणू नये, कारण मूल ते नाव लावून घेते. भावंडांशी तुलना तर नकोच. कित्येक मुले स्वभावतःच मितभाषी असतात व तशीच शोभतात. बोलका तेवढाच व्यापारी चांगला, असे आपल्या पेढ्यांचा अनुभव सांगत नाही. मात्र घरी मोकळे बोलणारे मूल शाळेत महिनोन्‌महिने एक शब्दही उच्चारीत नसेल, तर तो हट्ट समजू नये व तज्ज्ञांस दाखवावे. धारवाडची डिमहान्स ही संस्था आपणांस जवळ आहे, आणि तेथे जाण्यात कमीपणा मुळीच नाही.

क्षमावाणीच्या दिवशी आपण व्यापारातील, नात्यातील सर्वांची क्षमा मागतो. त्या वर्षी आम्ही मुलास जवळ बसवून त्या सभेतील आमच्या बोलण्याबद्दल त्याची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही, नुसता हसला. परंतु दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे आले तेव्हा पाण्याचे पेले घेऊन तोच बाहेर आला.