टास्मानियाला जाताना

भारतातून थेट विमान नाही. मेलबर्नहून होबार्ट सव्वा तासावर. गाडीसकट जायचं तर जिलाँगहून डेव्हनपोर्टची रात्रीची फेरीबोट. सोबत ताजी फळं-भाज्या नकोत. तपासणीला वास काढणारे कुत्रे असतात, तिथे आंबा लपत नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, पण क्रेडल माउंटनला तेव्हाही स्वेटर लागतो. क्वचित बर्फही पडतो. तिथून लेक सेंट क्लेअरपर्यंतची ६५ किलोमीटरची ओव्हरलँड ट्रॅक करायची तर हंगामात आधी नोंदणी हवी. एवढं चालणं नको असेल, तर संध्याकाळी रॉनी क्रीकला थांबा. तिथे चरणारे वॉम्बॅट दिसतात. त्यांच्या लेंड्या खरोखरच चौकोनी!

टास्मानियन डेव्हिल रानात दिसणं नशिबाचा भाग. चेहऱ्यावर गाठी येणाऱ्या संसर्गजन्य कर्करोगाची पहिली नोंद १९९६ची. त्याने त्यांची संख्या फार घटली. २०१२पासून निरोगी डेव्हिल मराया बेटावर सोडले गेले. अंधारात गाडी हाकणं टाळाच, प्राणी चाकाखाली येतात.

खायला ब्रुनी बेटावरचे कालव, लेदरवुडच्या फुलांचा मध. होबार्टचा सालामांका बाजार फक्त शनिवारी. स्कॅलप पायच्या सारणात चक्क करी पावडर असते. आपल्या जिभेला मात्र ती मिळमिळीतच.