पाऊल लहान, पण वाट सोडू नका

संध्याकाळी कामावरून घरी यावे, तर दारातच तक्रार. मुलाची कंपासपेटी पुन्हा हरवली. महिन्यातली ही तिसरी. वहीत अर्धेच गणित, डबा शाळेतच राहिला आणि स्वारी खिडकीत उभी राहून रस्त्यावरचे ट्रक मोजते आहे. आई रडकुंडीला येते, बापाचा हात उठतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वस्तीत काम करताना अशी घरे मला वरचेवर भेटतात.

प्रत्येक धांदरट मूल आजारी नसते. पण ही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीच दिसू लागली, सहा महिन्यांहून अधिक टिकली, घरी व शाळेत दोन्हीकडे आढळली आणि त्यांनी मुलाचे अडू लागले, तर डॉक्टर एडीएचडीचा विचार करतात. यात अवधान टिकत नाही किंवा चंचलता आवरत नाही. हा मेंदूच्या वाढीतला फरक असून बऱ्याचदा तो आनुवंशिक असतो. आईच्या लाडाने तो येत नाही, बापाच्या माराने जात नाही. गंडेदोऱ्याचा तर इथे काहीच संबंध नाही. मुली अनेकदा दंगा न करता गप्प बसून स्वतःत हरवतात. म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

अशा मुलाला "दहावीला चांगले मार्क पडतील" असे सांगून भागत नाही. लांबचे बक्षीस त्याला ओढत नाही, आजचे ओढते. म्हणून काम लहान करा. "धडा संपव" म्हणू नका, "ही दोन गणिते सोडव" म्हणा. दहा मिनिटे अभ्यास, मग उठून एक फेरी. एका वेळी एकच सूचना द्या. दप्तराची जागा एकच ठरवा. काम झाले की शाबासकी लगेच द्या, रविवारपर्यंत शिल्लक ठेवू नका.

आणि नोंद ठेवा. मी कारकून माणूस. वर्षाचा ताळेबंद एका दिवसात होत नाही, रोजची नोंद रोज करावी लागते, हे मला ठाऊक आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर झालेल्या कामाची एक खूण मुलाच्याच हाताने करू द्या. एखादा दिवस कोरा गेला म्हणून मागच्या खुणा पुसल्या जात नाहीत. लग्नसराई, पाहुणे, आजारपण यांत घडी मोडणारच. ती पुन्हा बसवायची. तुलना शेजारच्या मुलाशी नको, याच मुलाच्या तीन महिन्यांपूर्वीशी करा. महिन्याला तीन कंपासपेट्या हरवत होत्या, आता एक हरवते, ही प्रगतीच आहे.

अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स नऊ वर्षांचा असताना त्याला एडीएचडी असल्याचे निदान झाले. वाचनाचा त्याला कंटाळा. म्हणून त्याच्या शिक्षिका आईने वर्तमानपत्राचे क्रीडापान त्याच्या हाती दिले. २००४ ते २०१६ या काळात त्याने ऑलिम्पिकची २८ पदके मिळवली, त्यांत २३ सुवर्ण. प्रत्येक मूल फेल्प्स होणार नाही. पण आवडीच्या दारातून आत शिरता येते, हे त्या माउलीने दाखवले.

घरचे प्रयत्न अपुरे पडले तर सरकारी किंवा महापालिका रुग्णालयातील मानसोपचार विभागात जा. औषध डॉक्टरांच्याच सल्ल्याने सुरू करा आणि त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेली मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो, मराठीतूनही.

पालकांनो, तुम्हीही थकता. अभ्यासाला बसवण्याची पाळी दोघांनी वाटून घ्या. आईनेच सगळे का सोसावे? आज रात्री मूल झोपण्यापूर्वी त्याने दिवसभरात केलेली एक चांगली गोष्ट त्याला सांगा. शोधली तर नक्की सापडेल. उद्या सकाळी तेच मूल पुन्हा प्रयत्नाला उभे राहील.