आधी झोप, मग डिकी

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली की आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी खुर्दमध्ये घरोघरी लांबच्या प्रवासाचे बेत ठरू लागतात. कुणाला नागपूरला लेकीकडे जायचं असतं, कुणाला कोल्हापूर करून कोकणात उतरायचं असतं. मंचरच्या गॅरेजात गाडी दाखवून ऑइल बदललं जातं, कूलंट बघितलं जातं, वायपरचं रबर नवं येतं. घरात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, उलटीच्या गोळ्या आणि पाण्याचा जार यांची जमवाजमव होते. डिकीत कोणती बॅग खाली आणि कोणती वर यावर वाद होतात. या सगळ्यात ज्याच्या हातात स्टिअरिंग असणार त्या माणसाची तयारी मात्र कुणी करत नाही. उलट निघायची वेळ पहाटे दोनची किंवा तीनची ठरते, सामान बांधणं रात्री बारापर्यंत चालतं आणि गाडी चालवणारा ‘तासभर पडतो’ म्हणून आडवा होतो. लांबच्या प्रवासाची तयारी सामानाच्या यादीपासून नव्हे, तर निघायच्या वेळेपासून सुरू व्हायला हवी. आणि ती वेळ ठरवताना रहदारी किंवा दर्शनाची रांग यांच्याआधी चालकाच्या झोपेचा हिशेब मांडायला हवा.

आंबेगाव-जुन्नरच्या पट्ट्यात हा हिशेब आणखी बिघडतो, कारण इथला गाडी चालवणारा बहुधा आदल्या दिवशी मोकळा नसतोच. तो चाकणच्या कारखान्यात पाळी करून आलेला असतो, किंवा आठवडाभर शेतीला रात्रीची लाईट असल्यामुळे उसाला नाहीतर कांद्याला पाणी भरून उठलेला असतो. असा माणूस सकाळी सहाला उठला, दिवसभर कामात राहिला आणि न झोपता रात्री दोनला गाडीत बसला, तर तो सलग वीस तास जागा असतो. ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी 1997 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याचं मोजमाप मांडलं. सतरा तास जागा राहिलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकं बिघडतं आणि चोवीस तासांच्या जागरणानंतर ते 0.10 टक्क्याच्या पातळीला जातं, असं त्यांना आढळलं. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. म्हणजे ज्या घरात दारूच्या थेंबालाही थारा नाही, त्या घरातला सज्जन कर्ता पुरुष बायको-मुलांना घेऊन निघतो तेव्हा त्याची अवस्था दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याहून फारशी वेगळी नसते. फरक एवढाच, की तोंडाला वास येत नाही आणि पोलिसाच्या यंत्रात काही दिसत नाही.

जागरणात पुन्हा घड्याळाची भर पडते. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातले हॉर्न आणि रेनर यांनी 1995 मध्ये पेंगेमुळे झालेल्या अपघातांची वेळ तपासली. असे अपघात दिवसभर सारखे विखुरलेले नव्हते. रात्री दोनच्या सुमारास, सकाळी सहाच्या सुमारास आणि दुपारी चारच्या सुमारास ते दाटलेले होते. रस्त्यावर गाड्या सर्वांत कमी असतात त्या वेळी धोका वाढतो, तो शरीराच्या लयीमुळे. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं आणि मेंदू झोप मागत असतो. पेंग आली की डोळा पूर्ण मिटावाच लागतो असंही नाही. ताशी 100 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटरहून जास्त रस्ता कुणाच्याही ताब्याविना गेला. समृद्धी महामार्गावर कारला ताशी 120 ची मुभा आहे, शिवाय रस्ता सरळ आणि एकसुरी; खड्डा नाही, चौक नाही, समोरून येणारा दिवा नाही. त्यामुळे झोप उडवणारं काही घडतच नाही. 1 जुलै 2023 ला याच महामार्गावर सिंदखेड राजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले, तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. त्या अपघाताच्या कारणांवर बराच वाद झाला आणि एका घटनेवरून काही सिद्ध होतं असंही नाही. पण ज्या वेळी ही बस उलटली, साधारण त्याच वेळी आपल्याकडची कुटुंबं नारळ फोडून निघतात, हे विसरता येत नाही.

आपल्या भागातला अंधार तर आणखी वेगळा. दिवाळीच्या सुमाराला भीमाशंकर आणि विघ्नहर या सहकारी कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो आणि उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर येतात. ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर हातभर आलेला ऊस आणि मागे दिवा नाही. रिफ्लेक्टर असला तर तो चिखलाने माखलेला. दिवसा ही वरात लांबून दिसते. पहाटे साडेतीनला समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपलेले असताना ती दिसते तेव्हा ब्रेक मारायला जागा उरलेली नसते. ताजातवाना चालक कदाचित सावरेल. उसाच्या फडातून फडात जाणारा बिबट्या हीसुद्धा इथे नुसती बातमी राहिलेली नाही. तोही रात्रीच रस्ता ओलांडतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो ट्रॅफिकचा, आणि तो खोटा नाही. पुण्याकडे जाणाऱ्याला चाकणच्या कोंडीत कधी दीड तास घालवावा लागेल याचा नेम नसतो. पण या आक्षेपाचा हिशेब दिशेप्रमाणे वेगळा मांडला पाहिजे. नागपूरला जाणाऱ्याच्या वाटेत चाकण येतच नाही. नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर करत शिर्डी गाठायला अडीच-तीन तास, तिथून समृद्धीने नागपूरपर्यंतच्या 520 किलोमीटरला साडेपाच तास, शिवाय चहा-जेवणाला एक-दीड तास. सकाळी सहाला निघालेली गाडी दुपारी चारच्या आसपास नागपुरात पोचते. मग रात्री दोनला निघून मिळवायचं काय? दुपारी बाराला पाहुण्यांच्या दारात उभं राहून त्यांच्याच सोफ्यावर घोरणं, एवढंच. राहिली चाकणवरून जायची गोष्ट. तिथे पहिल्या पाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत निघून जायचं, तर साडेचारला घर सोडलं की पुरतं. मात्र त्यासाठी चालकाने आदल्या रात्री नऊला झोपलं पाहिजे. पहाटे निघण्यात वावगं काहीच नाही. झोप कापून निघणं चुकीचं आहे.

दुसरा आक्षेप हमखास असतो: ट्रकवाले तर रात्रभर चालवतात, त्यांना काही होत नाही. त्यांना होतं, ते आपल्या घरात घडत नाही म्हणून दिसत नाही. शिवाय पोटासाठी चालवणाऱ्या माणसाच्या बाबतीत कायद्याने निदान कागदावर तरी काळजी घेतली आहे. 1961 चा मोटार वाहतूक कामगार अधिनियम चालकाला दिवसाला आठ तासांचं काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती देतो. पाळला किती जातो हा भाग निराळा. पण वडील, नवरा किंवा थोरला मुलगा चालक असतो तेव्हा हा कागदही नसतो. ‘बाबा दमत नाहीत’ हेच घराचं धोरण असतं, आणि दमलो असं म्हणणं बाबांना कमीपणाचं वाटतं.

मग उपाय म्हणून काच खाली करणं, मोठ्याने गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं, तोंडात बडीशेप नाहीतर आणखी काही धरणं सुरू होतं. रेनर आणि हॉर्न यांनी गार वारा आणि रेडिओ यांचीही चाचणी घेतली. फायदा झाला तो नाममात्र आणि थोडा वेळ टिकणारा. कॉफी आणि तिच्या जोडीला पंधरा मिनिटांची झोप यांचा परिणाम मात्र खरा दिसला. कॉफीचा असर चढायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, म्हणून आधी कप संपवायचा आणि मग पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात सीट मागे टाकून डोळे मिटायचे, हा क्रम योग्य. चहाने काही प्रमाणात तेच होईल. आपल्याकडे मात्र चहा घेऊन माणूस लगेच स्टार्टर मारतो आणि दहा मिनिटांत पुन्हा पेंगायला लागतो.

याहून चांगला उपाय घरातच असतो आणि तो वापरला जात नाही. कित्येक घरांत बाईचं लायसन्स आहे, पण ते कपाटात ओळखपत्र म्हणून पडलेलं. शाळेपर्यंत किंवा मंचरच्या बाजारापर्यंत गाडी नेणाऱ्या बाईला महामार्गावर स्टिअरिंग द्यायला घर तयार नसतं, आणि सवय नाही म्हणून तीही नको म्हणते. निघण्याआधीच्या पंधरवड्यात दोन-तीन सकाळी मंचर ते आळेफाटा अशी गाडी तिने चालवली तर ही सवय होते. दोन चालक असले की दर दोन तासांनी माणूस बदलता येतो. सर्व्हिसिंगच्या बिलापेक्षा ही तयारी स्वस्त पडते.

तिसरा आक्षेप पैशांचा: वाटेत मुक्काम केला की लॉजचा खर्च वाढतो. दहा तासांच्या प्रवासाला मुक्काम लागत नाही, तेव्हा तो प्रश्नच नाही. तिरुपती, गोवा करून परत, किंवा गुजरातची फेरी अशा मोठ्या बेतात मात्र मुक्काम टाळणं ही बचत नाही. ज्ञानोबांची पालखी शेजारच्या खेड तालुक्यातल्या आळंदीहून निघते, तिचं वेळापत्रक पाहावं. दुपारचा विसावा कुठे आणि रात्रीचा मुक्काम कुठे हे निघण्याआधीच ठरलेलं असतं आणि चालणं त्या ठिकाणांच्या मधे बसवलेलं असतं. कारने जाणारे नेमकं उलटं करतात. आधी अंतर पकडतात आणि झोप जमेल तिथे कोंबतात.

इतकं झाल्यावर गाडीकडे वळायला हरकत नाही, कारण तिच्याकडे दुर्लक्ष करा असं इथे कुणी म्हणत नाही. त्यातही मान टायरचा पहिला. पाच माणसं आणि भरलेली डिकी यांच्यासाठी हवा किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, आणि भरल्या गाडीचा आकडा बहुधा रोजच्यापेक्षा वेगळा असतो. हवा टायर गार असताना मोजावी आणि स्टेपनी विसरू नये. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2321 म्हणजे 2021 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी 1.6 मिलिमीटरहून कमी उरली असेल तर तो टायर कायद्यानेच बाद. (नायट्रोजन भरा म्हणून पंपावर आग्रह होतो, पण साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.) सीएनजीच्या गाडीत सिलिंडर डिकी खातो, मग जार आणि बॅगा मागच्या काचेपर्यंत रचल्या जातात आणि आरशात काही दिसत नाही, तसं करण्यापेक्षा एक बॅग घरी ठेवावी. मागच्या सीटवरचा बेल्टही सक्तीचा आहे आणि न लावल्यास हजार रुपये दंड आहे. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरमध्ये चारोटीजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, ते मागेच बसले होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांपुरता आहे, समृद्धीवर तो चालत नाही. खात्यात वेगळे पैसे ठेवावेत. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला 1033 आणि रुग्णवाहिकेला 108 हे आकडे सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्यावेत.

या सुट्टीत शनिवारी निघायचं असेल तर डिकी गुरुवारी भरा. शुक्रवारी पाणी भरायची पाळी असेल तर ती शेजाऱ्याशी बदलून घ्या, चालकाला रात्री नऊला अंथरुणावर पाठवा आणि उरलेली बांधाबांध बाकीच्यांनी करा.