गवत कापण्याच्या यंत्राचें पातें व बेल्ट ग्राइंडर

हिरवळ कापून झाल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिच्याकडे जरा वांकून पाहावें. यंत्राचें पातें धारदार असेल तर प्रत्येक गवताचें टोंक सुरीनें कापल्यासारखें सरळ दिसतें. पातें बोथट असेल तर तेंच टोंक फाटून त्याच्या चिंध्या झालेल्या असतात. त्या चिंध्यांतून ओलावा उडून जातो, टोंकें वाळून तपकिरी पडतात, आणि लांबून पाहणाऱ्यास सबंध हिरवळीवर राखी रंगाची झांक चढल्यासारखी वाटते. मग माळ्यावर ठपका येतो, पाण्यावर येतो, खतावर येतो. पात्याकडे कोणी पाहत नाहीं, कारण तें यंत्राच्या पोटाखालीं दडलेलें असतें.

त्या पात्याला धार लावण्यासाठीं बेल्ट ग्राइंडर घ्यावा काय, आणि घ्यावयाचा झाल्यास कोणता घ्यावा, एवढाच आजचा विषय आहे. बेल्ट ग्राइंडर म्हणजे दोनतीन चाकांवरून अखंड फिरणारा कापडी पट्टा. त्याच्या पाठीवर घासणारे कठीण कण चिकटविलेले असतात. सुताराचा पॉलिशपेपर मोटरवर चढविला आहे असें समजलें तरी चालेल.

प्रथम एक भेद सांगणें अवश्य आहे. गवत कापणारीं यंत्रें मुख्यतः दोन जातींचीं असतात. पहिली जात इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत, स्ट्राउड येथें, एडविन बडिंग यानें १८३० सालीं काढली. लोकरीच्या कापडावरील लव कातरणारें यंत्र त्यानें गिरणींत पाहिलें होतें. तीच युक्ति त्यानें हिरवळीस लावली. ह्या जातींत पिळदार पात्यांचें एक लाटणें फिरतें आणि खालच्या स्थिर पात्याशीं मिळून तें कात्रीसारखें गवत कापतें. क्रिकेटच्या खेळपट्टीवर व गोल्फच्या हिरवळीवर आजहि हीच जात लागते. तिला धार लावतांना घासणारा लेप लावून लाटणें उलटें फिरवितात, नाहींतर तें खास यंत्रावर चढवितात. बेल्ट ग्राइंडरचा तेथें संबंध येत नाहीं. ज्यांच्या घरीं लाटण्याचें यंत्र असेल त्यांनीं पुढचें भाषण केवळ करमणूक म्हणून ऐकावें.

दुसऱ्या जातींत एकच आडवें पातें भिंगरीसारखें फिरतें. बंगल्यांच्या व सहकारी गृहसंस्थांच्या आवारांत घरघरतांना ऐकूं येतात तीं बहुधा हींच यंत्रें. येथें कात्रीचें दुसरें पातें नाहीं. गवताला मागून आधार नसल्यामुळें तें केवळ वेगाच्या तडाख्यानें कापलें जातें. हा वेग किती असतो? २१ इंची, म्हणजे सुमारें ५३ सेंटिमीटर लांबीचें पातें मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोंकाचा वेग सेकंदाला सुमारें ८४ मीटर, म्हणजे तासाला ३०० किलोमीटर होतो. अमेरिकेंतील सुरक्षिततेच्या मानकानें ह्या टोंकाला मिनिटास १९,००० फूट, म्हणजे सेकंदास साधारण ९६ मीटर, एवढी मर्यादा घालून दिली आहे. तेव्हां आपलें घरगुती यंत्र त्या मर्यादेच्या फारसें अलीकडे नाहीं.

अशा वेगानें फिरणारें पातें दगडावर आदळलें तर तें वांकावें, फार तर त्याला दांता पडावा, पण फुटून उडूं नये, ही कारखानदाराची पहिली अट असते. म्हणून तो तें स्वयंपाकघरांतील चांगल्या सुरीइतकें कठीण करीतच नाहीं. रॉकवेल मापानें चांगल्या सुरीचें काठिण्य ५५ च्या पुढें असतें, तर ह्या पात्याचें बहुधा चाळिशीच्या घरांत ठेवतात. काठिण्य सोडून चिवटपणा पत्करलेला असतो. धार लावतांना सांभाळावयाचा तो हा चिवटपणा. आणि त्याचा शत्रु उष्णता.

पोलाद घासतांना तापलें कीं त्यावर रंग उमटतात. सुमारें २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, २६० च्या आसपास तपकिरी, ३०० च्या सुमारास निळा. सुरीच्या बाबतींत निळा रंग दिसला म्हणजे धार गेली असें समजावें. ह्या पात्याचा ठिसूळपणा घालविण्यासाठीं कारखान्यांतच त्याला पुष्कळ उष्णता दाखविलेली असल्यामुळें नुसत्या निळ्या छटेनें तें लगेच नासत नाहीं. पण धारेचा कांठ पातळ असतो. निळ्याच्या पुढें करडा आणि करड्याच्या पुढें लाल होण्यास कांहीं क्षण पुरतात. लाल झालेला कांठ सावकाश निवाला तर मऊ पडतो आणि पुन्हां लवकर बोथटतो. घाबरून तो लाल असतांनाच पाण्यांत बुचकळला तर उलट कांचेसारखा ठिसूळ होतो, आणि तेथून उडालेला तुकडा कोणाच्या तरी पायाकडे निघतो. म्हणून उघड्या बोटांना चटका बसूं लागतांच पातें पाण्यांत बुडवावें. रंगाची वाट पाहूं नये.

चाकाचा ग्राइंडर आणि पट्ट्याचा ग्राइंडर यांतला खरा फरक ह्या उष्णतेपाशींच आहे. आपल्याकडील विजेवर साधी मोटर मिनिटाला सुमारें २८५० फेरे घेते. तिच्यावरच्या दगडी चाकाचा प्रत्येक कण सेकंदाला ४७ वेळां पात्यावर परत येतो. ७२ इंच लांबीचा पट्टा सेकंदाला १५ मीटर धांवत असेल तर त्यावरचा कण सेकंदाला आठच वेळां येतो, आणि मधला सारा प्रवास हवेंतून करून निवून येतो. शिवाय दगडी चाक झिजून गुळगुळीत झालें कीं तें कापण्याऐवजीं चोळूं लागतें आणि पातें अधिकच तापवितें. पट्टा झिजला तर काढून नवा घालण्यास मिनिटभर लागतो. चाकाचा व्यास झिजतो तसा त्याचा वेगहि उतरतो, पट्ट्याचा उतरत नाहीं. आणखी एक गोष्ट: लहान चाकावर धारेचा उतार आंतून पोखरल्यासारखा होतो, तर सपाट पाठीवरून जाणाऱ्या पट्ट्यावर तो सरळ राहतो.

आतां निवडीकडे वळूं. दुकानदार प्रथम मोटरची अश्वशक्ति सांगेल. आपण प्रथम मोकळी जागा पाहावी. शक्य असेल तर आपलें जुनें पातेंच कापडांत गुंडाळून दुकानांत न्यावें आणि मोटर बंद असतांना तें पट्ट्याला लावून बघावें. पातें लांब आहे. एक टोंक पट्ट्यावर असतां दुसरें टोंक मोटरवर, पायावर किंवा टेबलावर आपटतें. त्याहून मोठी अडचण पात्याच्या पंखाची. गवत उभें राहावें व कापलेलें गवत बाहेर फेंकलें जावें म्हणून पात्याची मागची कड वर वळविलेली असते, आणि धारेचा उतारहि त्याच वरच्या बाजूस असतो. परिणाम असा कीं उतार पट्ट्यावर टेकतो न टेकतो तोंच पंख पट्ट्याला किंवा चौकटीला भिडतो. म्हणून ज्या ग्राइंडरची पट्ट्यामागची पाठ चौकटीपासून बरीच पुढें आलेली आहे, ज्याचा पट्टा एकदोन इंचांहून रुंद नाहीं, आणि ज्याच्या वरच्या चाकावरहि पातें टेकवितां येतें, तोच ह्या कामाचा. चार इंची रुंद आडवा पट्टा व बाजूला गोल तबकडी असलेलीं यंत्रें सुताराला उत्तम. ह्या कामाला तीं गैरसोयीचीं. हें माप जुळत नसेल तर दोन अश्वशक्तीची मोटर घेऊनहि उपयोग नाहीं.

आकारांत सर्वांत लहान तो १ इंच रुंद व ३० इंच लांब पट्ट्याचा. तो स्वस्त आहे आणि अरुंद असल्यामुळें पंखाच्या आंत शिरतो. पण त्याची मोटर दुबळी, जरा दाबलें कीं मंदावते, आणि आंखूड पट्टा लवकर तापतो. सर्वांत मोठा २ बाय ७२ चा. हा अमेरिकेंतील सुऱ्या घडविणाऱ्यांचा आवडता आकार. त्याला दीड ते दोन अश्वशक्तीची मोटर लागते. मधले २ बाय ४२ व २ बाय ४८. माझें मत विचाराल तर घरीं एकच यंत्र असेल त्यानें यांपैकीं कांहींहि घेऊं नये. एक चांगली दहा इंची चपटी कानस व घट्ट शेगडा पुरे आहे. पातें मुद्दामच मऊ ठेवलेलें असल्यामुळें कानस त्याला सहज लागते, पंधरा मिनिटांत धार येते, आणि तापण्याचें भय मुळींच नसतें. दोनतीन यंत्रें बाळगणाऱ्या गृहसंस्थेला मधला आकार शोभेल. ७२ इंची यंत्र मात्र, ज्याला आठवड्याला दहापंधरा पातीं पाजवावीं लागतात अशा बागकामाच्या ठेकेदारानेंच घ्यावें. तासांच्या हिशेबानें साधारण २० ते २५ तास कापणी झाल्यावर धार लावावी असें सांगतात. आपल्याकडे नवी माती पसरलेली किंवा खडे असलेली हिरवळ असेल तर त्याहि आधीं.

परदेशांतील आप्तांकडून यंत्र मागविण्याचा मोह पुष्कळांना होतो. अमेरिकेंतील वीज ६० आवर्तनांची, आपली ५० ची. दाब बदलणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी आवर्तनें बदलत नाहींत, आणि साधी मोटर येथें सुमारें एक षष्ठांशानें मंद फिरते. वेग कमीजास्त करण्याची सोय हवी असेल तर तीन फेजची मोटर व तिला चालविणारा ड्राइव्ह घ्यावा. कांहीं ड्राइव्ह घरच्या एका फेजवर चालतात. नवशिक्याला मंद वेगाची सोय ही अश्वशक्तीहून अधिक मोलाची आहे. दोन अश्वशक्तीच्या मोटरला १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला प्लग लागतो, हें घेण्यापूर्वींच वायरमनला विचारावें.

पट्ट्यांची चौकशी यंत्राच्या आधीं करावी. त्या लांबीचे पट्टे आपल्या गांवच्या हार्डवेअर बाजारांत मिळत नसतील, किंवा कोणी जोडून देत नसेल, तर यंत्र सहा महिन्यांत अडगळींत जाईल. कणांत तपकिरी ॲल्युमिनियम ऑक्साइड सर्वांत स्वस्त, झिर्कोनिया अधिक टिकाऊ, आणि सिरॅमिक सर्वांत महाग. सिरॅमिकचा कण दाब पडल्यावर फुटून नवी धार दाखवितो. दुबळ्या मोटरवर तेवढा दाब देतां येत नाहीं, कण फुटत नाहीं, पट्टा नुसता चकचकीत होतो आणि पैसे वायां जातात. लहान यंत्राला पहिले दोनच बरे. दांते काढण्यास ६० नंबर आणि शेवटचा हात फिरविण्यास ८० किंवा १२० पुरे. पावसाळ्यांत दमट हवेनें पट्टे वळतात. ते घडी न घालतां जाड गोल खुंटीवर टांगावे.

प्रत्यक्ष धार लावतांना कारखान्यानें दिलेला उतार सोडूं नये. तो बहुधा ३० अंशांच्या जवळपास असतो. पट्टा धारेकडून मागें न येतां धारेच्या दिशेनें निघून जाईल असें पातें धरावें, म्हणजे कांठ पट्ट्यांत रुतत नाहीं. उतार फक्त वरच्या बाजूला. खालची बाजू सपाटच ठेवावी व तिच्यावर आलेली कीस कानशीच्या एका हातानें काढावी. वस्तऱ्यासारखी धार आणण्याची हौस येथें व्यर्थ आहे. तो पातळ कांठ पहिल्याच खड्याला दुमडतो. लोण्याच्या सुरीसारखी धार चांगली टिकते.

धारेहून महत्त्वाचा समतोल. पातें मधल्या भोंकांत आडव्या खिळ्यावर टांगून पाहावें; जी बाजू खालीं जाते ती जड, तिची धार आणखी घासावी. केवळ १० ग्रॅमचा फरक मध्यापासून २५ सेंटिमीटरवर असेल, तर मिनिटाला ३००० फेऱ्यांना तो सुमारें २५ किलो वजनाच्या ओढीइतका होतो, आणि ही ओढ सेकंदाला ५० वेळां दिशा बदलते. यंत्राचा दांडा वांकणें, बेअरिंग जाणें, हात बधिर होणें, यांचें मूळ पुष्कळदां एवढ्यांतच सांपडतें. पंख झिजून कागदासारखा झाला असेल, तडा दिसत असेल किंवा पातें वांकलें असेल, तर तें टाकून द्यावें. ठोकून सरळ करूं नये, वेल्डिंग तर मुळींच करूं नये.

सुरक्षिततेचें एक कलम विसरलें जातें. ज्या ग्राइंडरवर सुतारकाम झालें आहे त्याच्या पिशवींत लांकडाचा भुसा असतो. त्यावर पोलादाच्या ठिणग्या पडल्या कीं तो आंतल्या आंत धुमसतो आणि दोन तासांनीं, सर्व मंडळी घरांत गेल्यावर, पेट घेतो. ॲल्युमिनियमची भुकटी व लोखंडाची भुकटी हीहि एकत्र सांचूं देऊं नये. चष्मा व नाकावर मुखपट्टी हवीच. सैल बाही, पदर, ओढणी व सैल हातमोजे नकोत.

पातें काढण्यापूर्वीं पेट्रोलच्या यंत्राच्या स्पार्क प्लगची वायर उपटून बाजूला करावी, विजेच्या यंत्राचा प्लग किंवा बॅटरी काढावी. खालची बाजू खडूनें खूण करून ठेवावी. परत बसवितांना पंख वर, यंत्राच्या पोटाकडे. उलटें बसलेलें पातें कितीहि धारदार असलें तरी गवताला नुसतें झोडपतें. नट पान्यानें पक्का आवळावा, वायर सर्वांत शेवटीं लावावी.