कॉलिन बेकर

कॉलिन बेकर (जन्म: ८ जून १९४३, लंडन) हे ब्रिटिश दूरचित्रवाणी, रंगभूमी व श्रुतिका क्षेत्रांतील अभिनेते आहेत. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकाल्पनिक मालिकेतील सहावा डॉक्टर ही त्यांची सर्वाधिक परिचित भूमिका होय. १९८४ ते १९८६ या काळात त्यांनी ती पडद्यावर साकारली आणि १९८६ मध्ये त्यांना त्या भूमिकेवरून दूर करण्यात आले. १९९९ पासून ध्वनिनाट्यांतून त्यांनी तीच भूमिका पुन्हा उभी केली. दूरचित्रवाणीवर अपयशी ठरवला गेलेला नट केवळ आवाजाच्या बळावर त्याच पात्राला मान मिळवून देतो, असे उदाहरण ब्रिटिश मनोरंजनसृष्टीत विरळच आढळते.

प्रारंभिक जीवन

बेकर यांचा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये झाला. ते लहान असतानाच कुटुंब उत्तर इंग्लंडमधील रॉचडेल येथे स्थलांतरित झाले आणि त्यांचे शालेय शिक्षण मँचेस्टरच्या सेंट बीड्स कॉलेजात झाले. पुढे त्यांनी कायद्याचा अभ्यास करून वकिलीची वाट धरली होती. वयाच्या तेविसाव्या वर्षी ती सोडून त्यांनी 'लंडन अकॅडमी ऑफ म्युझिक अँड ड्रॅमॅटिक आर्ट' या नाट्यप्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला.

दूरचित्रवाणीवरील आरंभीच्या भूमिका

१९७० मध्ये बीबीसीच्या 'द रोड्स टू फ्रीडम' या मालिकेत त्यांना काम मिळाले. टॉलस्टॉयच्या कादंबरीवर आधारित 'वॉर अँड पीस' (१९७२-७३) मध्ये त्यांनी अनातोल कुरागिन हा देखणा व बेजबाबदार तरुण रंगवला. याच मालिकेत अँथनी हॉपकिन्स पिएरच्या भूमिकेत होते. बेकर यांना घरोघर ओळख मिळाली ती मात्र 'द ब्रदर्स' या मालवाहतूक व्यवसायातील कुटुंबाच्या कथेमुळे. १९७४ ते १९७६ या काळात त्यांनी त्यात पॉल मेरोनी हा थंड डोक्याचा, महत्त्वाकांक्षी बँकर साकारला. प्रेक्षकांनी मनापासून तिरस्कार करावा आणि तरीही त्याच्या प्रवेशाची वाट पाहावी, असे हे पात्र होते. उर्मटपणा आणि आकर्षकता एकाच वेळी दाखवण्याची ही हातोटी पुढे त्यांना लाभदायक ठरली, तशीच अडचणीचीही.

'डॉक्टर हू' मधील कारकीर्द

'डॉक्टर हू' चा नायक परग्रहवासी कालप्रवासी आहे. मरणासन्न झाल्यावर त्याचा कायापालट होतो आणि नवा नट ती भूमिका पुढे चालवतो. बेकर १९८३ मध्ये 'आर्क ऑफ इन्फिनिटी' या कथेत प्रथम आले ते मॅक्सिल नावाच्या रक्षकप्रमुखाच्या भूमिकेत. गंमत अशी की, त्या कथेत मॅक्सिल पाचव्या डॉक्टरवरच गोळी झाडतो. पुढे निर्माते जॉन नेथन-टर्नर यांनी पीटर डेव्हिसन यांचा उत्तराधिकारी म्हणून बेकर यांचीच निवड केली.

मार्च १९८४ मध्ये 'द केव्ज ऑफ अँड्रोझानी' च्या अखेरीस सहावा डॉक्टर प्रकटला आणि लगेच 'द ट्विन डिलेमा' ही त्याची पहिली कथा दाखवण्यात आली. कायापालटानंतर भ्रमिष्ट झालेला हा डॉक्टर आपली सोबतीण पेरी (निकोला ब्रायंट) हिचा गळा आवळतो, हे दृश्य अनेकांना रुचले नाही. 'डॉक्टर हू मॅगझिन' ने २००९ मध्ये तोपर्यंतच्या २०० कथांबाबत वाचकांचा कौल घेतला, तेव्हा 'केव्ज' पहिल्या आणि 'ट्विन डिलेमा' शेवटच्या क्रमांकावर आली. प्रसारणात एकामागोमाग आलेल्या या दोन कथा होत्या.

वेशभूषेचा प्रश्नही होताच. बेकर यांना गडद, काळा पोशाख हवा होता. निर्मात्यांनी मुद्दाम अभिरुचिहीन पोशाखाचा आग्रह धरला. परिणामी अनेक भडक रंगांच्या तुकड्यांचा कोट त्यांच्या वाट्याला आला. आरंभी अप्रिय वाटणारा डॉक्टर हळूहळू उलगडत जाईल आणि त्याच्यातील माणुसकी कालांतराने दिसेल, अशी बेकर यांची कल्पना होती. ती चुकीची नव्हती, पण तिला अनेक वर्षे लागणार होती आणि ती त्यांना मिळाली नाहीत.

१९८५ च्या हंगामात प्रत्येकी ४५ मिनिटांचे १३ भाग झाले. तो सुरू असतानाच मालिका सुमारे १८ महिने थांबवण्याचा निर्णय जाहीर झाला. मायकेल ग्रेड तेव्हा बीबीसी वनचे प्रमुख होते आणि या मालिकेविषयीची त्यांची नावड जगजाहीर होती. या मधल्या काळात, १९८५ च्या उन्हाळ्यात, बीबीसी रेडिओ ४ वर 'स्लिपबॅक' ही सहा भागांची श्रुतिका झाली. बेकर व ब्रायंट या दोघांनीही तीत काम केले. त्या वेळी ती विरंगुळ्यासारखी वाटली असली, तरी बेकर यांच्या पुढील वाटचालीची दिशा तीत दिसते.

१९८६ मध्ये मालिका परतली ती 'द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड' या १४ भागांच्या कथेसह. तीत डॉक्टरवर खटला चालतो. प्रत्यक्षात मालिकाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती. लेखक रॉबर्ट होम्स यांचे शेवट लिहीत असतानाच निधन झाले आणि पटकथा संपादक एरिक सॉवर्ड मतभेदांमुळे बाहेर पडले. प्रेक्षकसंख्या ५० लाखांच्या आसपास घसरली. मालिका चालू ठेवायची, परंतु नट बदलायचा, असे बीबीसीच्या वरिष्ठांनी ठरवले. कायापालटाचे दृश्य देण्यासाठी आणखी एका कथेत काम करण्याची सूचना बेकर यांना करण्यात आली. पूर्ण हंगाम द्यावा, हा त्यांचा प्रतिप्रस्ताव मान्य झाला नाही आणि त्यांनी नकार दिला. त्यामुळे सप्टेंबर १९८७ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी सिल्व्हेस्टर मॅकॉय यांनाच कुरळ्या केसांचा टोप घालून जमिनीवर निजावे लागले. अवघ्या ३१ भागांची ही कारकीर्द अशा रीतीने निरोपाविना संपली.

मधली वर्षे

१९८९ मध्ये 'द अल्टिमेट अ‍ॅडव्हेंचर' या नाटकाच्या दौऱ्यात जॉन पर्टवी यांच्यानंतर बेकर यांनी डॉक्टरची भूमिका केली. ज्या पात्राने त्यांना बाहेर काढले होते, त्याच्याकडे ते इतक्या लवकर परतले, यावरून त्यांचा राग पात्रावर नव्हता हे स्पष्ट होते. याशिवाय नाताळच्या पँटोमाइमचे प्रयोग व दूरचित्रवाणीवरील पाहुण्या भूमिका ते करत राहिले. १९९५ पासून त्यांनी 'बक्स फ्री प्रेस' या स्थानिक वृत्तपत्रात स्तंभलेखनही केले.

श्रुतिका

१९९९ मध्ये 'बिग फिनिश प्रॉडक्शन्स' या कंपनीने बीबीसीच्या परवान्याने 'डॉक्टर हू' ची नवी ध्वनिनाट्ये प्रकाशित करण्यास प्रारंभ केला. जुलैमध्ये आलेल्या 'द सायरन्स ऑफ टाइम' मध्ये डेव्हिसन, बेकर व मॅकॉय हे तिघे डॉक्टर एकत्र होते. या नाट्यांचा साचा साधा आहे: प्रायः सुमारे २५ मिनिटांचे चार भाग, दोन दिवसांचे ध्वनिमुद्रण, आणि नंतर संगीत व ध्वनिपरिणामांची जोड. नटासमोर संहिता व ध्वनिक्षेपक यांखेरीज काही नसते. नेपथ्य, प्रकाश, खर्चिक राक्षस यांची गरज नसल्याने लेखकाची कल्पना पैशाअभावी अडत नाही. 'द होली टेरर' (२०००) मध्ये डॉक्टरचा सोबती चक्क एक पेंग्विन आहे. पडद्यावर तो हास्यास्पद झाला असता; येथे तो शोकांतिकेत सहज मिसळून जातो.

बेकर यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, श्रुतिकेत तो कोट दिसत नव्हता. उरला तो भरदार, लवचिक, शब्दांवर प्रेम करणारा आवाज. 'द मेरियन कॉन्स्पिरसी' (२०००) या जॅकलिन रेनर यांच्या कथेत इव्हलिन स्माइथ ही पंचावन्न वर्षांची इतिहासाची प्राध्यापिका आली. ती भूमिका मॅगी स्टेबल्स यांनी केली. डॉक्टरच्या दरडावण्याला न बधता त्याला कोको पाजणाऱ्या, प्रसंगी फटकारणाऱ्या या बाईंमुळे त्याच्यातील ऊब ऐकू येऊ लागली. उलगडत जाणाऱ्या डॉक्टरची जी कल्पना बेकर यांनी मांडली होती, ती येथे प्रत्यक्षात आली.

रॉबर्ट शिअरमन यांची 'ज्युबिली' (२००३) ही याच मालिकेतील श्रुतिका विशेष उल्लेखनीय आहे. एकाकी, बंदिवान आणि छळला गेलेला डालेक ही तिची मध्यवर्ती कल्पना शिअरमन यांनीच पुढे दूरचित्रवाणीसाठी नव्याने रचली आणि २००५ मध्ये ख्रिस्तोफर एक्लस्टन यांच्यासह 'डालेक' हा भाग प्रसारित झाला. बेकर ज्या पडद्यावरून गेले होते, त्याच्या पुनरागमनाला त्यांच्या श्रुतिकेतून बळ मिळाले.

ऑगस्ट २०१५ मध्ये प्रकाशित 'द लास्ट अ‍ॅडव्हेंचर' या चार कथांच्या संचात सहाव्या डॉक्टरचा अखेरचा प्रसंग अखेर सांगितला गेला. १९८७ मध्ये नाकारलेले दृश्य २८ वर्षांनी, त्यांच्या आवाजात झाले. तथापि कथेतील हा मृत्यू झाल्यावरही पूर्वीच्या काळातील नवी नाट्ये ते मुद्रित करत राहिले.

उत्तरकाल

२०१२ मध्ये 'आय अ‍ॅम अ सेलिब्रिटी' या वास्तवदर्शी कार्यक्रमात ते सहभागी झाले. २३ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रसारित झालेल्या 'द पॉवर ऑफ द डॉक्टर' या विशेष भागात ते अल्पकाळ सहाव्या डॉक्टरच्या रूपात दिसले आणि २०२३ च्या 'टेल्स ऑफ द टार्डिस' मध्ये निकोला ब्रायंट यांच्यासह पुन्हा पडद्यावर आले.

वैयक्तिक जीवन

'द ब्रदर्स' मधील सहअभिनेत्री लिझा गॉडर्ड यांच्याशी त्यांचा पहिला विवाह झाला होता. १९८२ मध्ये त्यांनी मॅरियन वायट यांच्याशी विवाह केला. १९८३ मध्ये त्यांचा तान्हा मुलगा जॅक झोपेतील आकस्मिक अर्भकमृत्यूने दगावला. त्यानंतर बेकर यांनी या विषयावरील संशोधनासाठी निधी उभारण्याचे काम अनेक वर्षे केले.